हिरव्या सालीखालची बाहुली

ते साल एकोणीसशे सत्तावन्न. डोंगरातल्या कोआतेपेक गावात त्या डिसेंबरात चिपीचिपी थांबायचं नाव घेत नव्हती. चिपीचिपी म्हणजे धड पाऊस नव्हे आणि धड धुकंही नव्हे. छत्री उघडावी तर लोक हसतात, न उघडावी तर कोपऱ्यापर्यंत जाताजाता केसांवर थेंबांची जाळी बसते. कॉफीची लाल फळं झाडांवर ओली राहिली होती, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, आणि गल्लीतला प्रत्येक दरवाजा फुगून घट्ट बसला होता.

ओतिलियाच्या घराचा दरवाजाही फुगला होता. म्हणून त्या संध्याकाळी तो पूर्ण लागला नाही, बोटभर फट राहिली. नाहीतर पुढचं काही झालंच नसतं.

ती पोसादाची संध्याकाळ होती. नाताळच्या आधी नऊ दिवस गल्लीतली माणसं मारिया आणि होसे या येशूच्या आईबापांच्या लाकडी मूर्ती छोट्या डोलीत घालून निघतात. रोज एका घरापुढे थांबून गाण्यातून आसरा मागतात. आतल्यांनी गाण्यातूनच त्यांना हाकलायचं, त्यांनी पुन्हा विनवायचं, असं बराच वेळ चालतं, आणि शेवटच्या कडव्याला दार उघडतं. या घरात अडसर काढायचं काम ओतिलियाचं. आई होती तोवर आईचं होतं.

त्या दिवशी बाहेरचं गाणं मध्येच अडखळलं. विनवणीचं कडवं सुरू व्हायला हवं होतं, आणि नुसतेच खोकले ऐकू आले. ओतिलियानं फटीला डोळा लावला. डोलीचं पुढचं टोक खांद्यावर घेऊन एक अनोळखी माणूस उभा होता. उंच, हडकुळा, कानाच्या पाळीवर निळ्या रंगाचा ठिपका. ओठ हलत होते, पण त्यातून काही बाहेर पडत नव्हतं.

"गा की," ती फटीतून कुजबुजली.

"येत नाही."

"मग डोली कशाला उचललीत?"

"क्रिस्पिनकाकांच्या भावाला ताप आलाय. मी त्यांच्या बेकरीची पाटी रंगवायला आलोय. त्यांनी खांद्यावर ठेवली... विचारलं नाही."

"बरं. आता विनवायचं असतं."

"कोणाला?"

"मला."

तो फटीजवळ सरकला. त्याच्या पापण्यांवरही थेंब होते. "काय म्हणून विनवू?"

"बायको थकली आहे म्हणा. एवढी रात्र राहू द्या म्हणा."

त्यानं मान वळवून डोलीतल्या मारियाकडे पाहिलं. "बायको लाकडाची आहे. थकलोय तो मी."

ओतिलियाला हसू आलं. ते तिनं पदरासारख्या ओढलेल्या शालीत दाबलं, पण खांदे हलले. स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "ओतिलिया, दाराशी कोण बोलतंय? पोसादात गातात, नाहीतर गप्प बसतात."

त्यानं गायला सुरुवात केली. आवाज बरा होता, शब्द सगळे चुकीचे. आणि ओतिलियाच्या हातानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं — एक कडवं बाकी असतानाच अडसर ओढला.

गल्लीला ते कळलंही नाही. माणसं आत घुसली, फळं उकळून केलेलं गरम पोंचे ओतलं गेलं, पोरं खाऊच्या मडक्यावर तुटून पडली. पण एर्मेलिंदामावशीला कळलं. मावशीला कडवी मोजावी लागत नसत.

एर्मेलिंदामावशीबद्दल सांगायचं तर तिच्या खुंटीवरच्या छत्रीबद्दल सांगावं लागतं. तिचा नवरा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बंदरावर काम बघून येतो म्हणून गेला. पेटी घेऊन गेला, छत्री ठेवून गेला. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली होती. ती काळी छत्री दाराशेजारी तशीच लटकत होती आणि तिला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. त्या माणसाबद्दल मावशी बोलत नसे. फक्त कोणी परगावच्या माणसाचं कौतुक केलं की ती एकदा खुंटीकडे बघे, आणि कौतुक करणारा विषय बदले.

बहीण वारली तेव्हा ओतिलिया सात-आठ वर्षांची होती. मावशीनं तिला वाढवलं, हातात सुई दिली. दोघींचा धंदा बाळयेशूच्या मूर्तींचा. घरोघरच्या बाळयेशूंना दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, नवे कपडे घालून चर्चमध्ये न्यायचं असतं. त्याआधी वर्षभराची मोडतोड इथे येई. कोणाचं बोट तुटलेलं, कोणाच्या गालाचा रंग उडालेला, कोणाची टाच उंदरानं कुरतडलेली. मावशी डागडुजी करी, ओतिलिया झबली शिवी. आणि देवघरात त्यांचा स्वतःचा बाळ होता, लाकडी, वीतभर, हात पसरलेला. तो ओतिलियाचा. आईनं जाताना तिच्याच ओंजळीत दिलेला.

त्या वर्षी मावशीचा हात थरथरू लागला होता. ती पापणी काढायला जाई आणि भुवई होई.

"त्या रंगाऱ्याला बोलाव," शेजारची चोनाकाकू म्हणाली. चोनाकाकूचा आवाज एवढा मोठा की तिनं सांगितलेली गोष्ट आपोआप गल्लीचा निर्णय होई. "बेकरीची अक्षरं काय देखणी काढतोय पोरगा. तुझा हा बाळ बघ, दाढी आल्यासारखा दिसतोय."

"तो समुद्रकाठच्या आल्वारादोचा आहे," मावशी म्हणाली. "त्या गावच्या माणसांनी तोंड उघडलं की आपण कान झाकायचे."

"पापण्या तोंडानं काढायच्या आहेत का?"

असा तो रंगारी, एवारिस्तो, त्यांच्या घरी येऊ लागला. दुपारी, बेकरीच्या भिंतीवरचा रंग ओल्या हवेत वाळत नसे तेव्हा. मावशी पडद्याआड बसून तुटलेल्या बोटांना कानस लावी, आणि हे दोघं खिडकीशी बसत. पापण्या काढताना मूर्तीचं डोकं कोणीतरी धरावं लागतं. ते ओतिलिया धरी.

"श्वास रोखा," एवारिस्तो म्हणाला.

"मी का? पापण्या त्याच्या आहेत."

"तुमच्या श्वासानं माझा हात हलतो."

"हळू बोला. मावशी ऐकतेय."

"ऐकू दे. मी कामाचंच बोलतोय." कुंचल्याचे दोन-तीन केस बाळाच्या डोळ्यावरून हलके फिरले. "बघा, आता रोखलात तर किती सरळ आली."

ओतिलियानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं. कौलांच्या कडेला थेंब जमत होते आणि पडायचं की नाही ते ठरवत होते.

नाताळ गेला. गिऱ्हाइकांचे बाळ संपले आणि शेवटी त्यानं त्यांच्या घरचा बाळ हातात घेतला. उजव्या डोळ्याच्या पापण्या छान उतरल्या. डाव्या डोळ्याशी आल्यावर त्यानं मान न उचलता म्हटलं, "सहा तारखेच्या राजांच्या सणापर्यंत पाटी पूर्ण होईल. मग मला मावशींशी बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"लाकडाच्या बायकोबद्दल नाही."

ओतिलियाच्या बोटांखाली बाळाचं डोकं किंचित हललं. पापणी वर चढली ती भुवईपर्यंत. दोघांनी ती पाहिली. बाळ एका डोळ्यानं शांत आणि एका डोळ्यानं थक्क झालेला दिसत होता.

"पुसू?" त्यानं विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की पडद्याआडचा कानशीचा आवाज थांबला आहे. कधीपासून थांबला होता कोण जाणे.

त्या दिवसापासून मावशी गोड बोलू लागली, आणि ओतिलियाला धडकी भरली.

मावशी रागावली असती तर ते ओळखीचं होतं. पण मावशी एवारिस्तोला स्वतःच्या हातानं चॉकलेट करून देऊ लागली, त्याच्या आईची चौकशी करू लागली. "एकटीच असतात? गुडघे दुखतात? अगं बाई." आणि एक दिवस म्हणाली, "सहा तारखेला आमच्याकडे सणाचा रोस्का कापायला या. परक्यासारखे काय वागता, घरचेच आहात."

"येईन की, मावशी," तो म्हणाला. "माझंही थोडं बोलायचं आहे."

"आधी रोस्का कापू," मावशी म्हणाली. "मग बोला हवं तेवढं."

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, दुपारी ओतिलिया रोस्का आणायला बेकरीत गेली. रोस्का म्हणजे कड्यासारखा गोल गोड पाव, वर साखरेत मुरवलेल्या फळांच्या पट्ट्या आणि पोटात कुठेतरी चिनी मातीची इवलीशी बाहुली, बाळयेशूचीच. क्रिस्पिनकाकांनी पाव फडक्यात बांधून दिला आणि पीठ लागलेलं बोट उंचावलं.

"मावशीला सांग, हिरव्या सालीखाली. सांगितलं होतं तसंच."

ओतिलियानं फडकं जरासं उचलून पाहिलं. सगळीकडे लाल पट्ट्या आणि अंजिरं, आणि एकाच जागी लिंबाची हिरवी साल. तिला हसूच आलं. मावशीला यंदा चोनाकाकूला पकडायचं असणार. बाहुली ज्याला मिळेल त्यानं कांदेलारियाला सगळ्यांना केळीच्या पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे तामाल खाऊ घालायचे असतात, आणि मागे एकदा चोनाकाकूनं ती गालात लपवून घरी नेली होती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

बाहेर एवारिस्तो शिडीवर होता. तिला बघून दोन पायऱ्या खाली उतरला.

"आज ती बाहुली मलाच मिळू दे."

"का?"

"म्हणजे दोन फेब्रुवारीला मला या गावात यावंच लागेल. मावशी काहीही म्हणाल्या तरी. बाहुलीवाल्याला दार बंद करता येत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "बाहुलीवाल्याला नाही करता येत."

ती घराकडे चालू लागली आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं.

कारण त्यांच्या गल्लीत बाहुली म्हणजे नुसते तामाल नव्हेत. ज्याला बाहुली मिळते तो त्या घरच्या बाळयेशूचा धर्मपिता होतो. त्यानं बाळाला नवे कपडे घालायचे, मांडीवर घेऊन चर्चमध्ये न्यायचं. आणि बाळ ज्याचा, त्याचा तो कोंपाद्रे होतो, बाई असेल तर कोमाद्रे. ते नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट. कोंपाद्रे अर्ध्या हाकेला येतो, कोंपाद्रेला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, कोंपाद्रेचं सुतक धरतात. फक्त कोंपाद्रे आणि कोमाद्रे यांचं लग्न होत नाही. नदीच्या वरच्या अंगाला दोन काळे दगड आहेत, पाठीला पाठ लावलेले. ते तसलंच एक जोडपं होतं म्हणून लहानपणी दाखवतात, आणि त्यांच्याजवळ कोणी कपडे धूत नाही.

बाळ तिचा होता. बाहुली त्याला मिळाली तर तो तिचा कोंपाद्रे. आणि हा तर तेच मागत होता, शिडीवरून, हसत.

त्याला ठाऊक नसेल? त्याच्या गावी वेगळं असेल? की... ठाऊक असूनच म्हणत असेल? मावशीशी बोलायचंय ते हेच असेल, मला घरचा करून घ्या, कोंपाद्रे करून घ्या? तिनं कधी स्पष्ट विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. श्वास रोखा म्हणाला होता, एवढंच.

जाऊ दे, तिनं मनाला समजावलं. हिरवी साल चोनाकाकूसाठी आहे.

टेबलाशी पाचजण बसले. मावशी, क्रिस्पिनकाका, चोनाकाकू, एवारिस्तो आणि ओतिलिया. एवारिस्तोनं स्वच्छ सदरा घातला होता, पण कानावरचा निळा ठिपका तसाच होता. देवघरातून थक्क डोळ्याचा बाळ सगळ्यांकडे बघत होता. रोस्क्याचा आपापला तुकडा ज्यानं त्यानं कापायचा असतो, म्हणून सुरी हातोहात फिरते. मावशीनं ती आधी चोनाकाकूला दिली.

चोनाकाकूनं लाल पट्टीशी पातळसा तुकडा कापला, चारी बाजूंनी दाबून बघितला आणि सुटकेचा श्वास सोडला. "सुटले. यंदा मक्याचं पीठ मळायला माझे हात उठत नाहीत."

मावशीनं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच, जणू मेजावरच्या कापडाची सुरकुती सारखी करतेय अशा बेतानं, फिरवलं. हिरवी साल एवारिस्तोच्या पुढे येऊन थांबली.

"घ्या," मावशी म्हणाली. "मोठा कापा. लाजू नका."

ओतिलियाला सगळं एकदम दिसलं. थांबलेली कानस, चॉकलेट, घरचेच आहात. मावशी त्याला घालवत नव्हती. त्याला आत घेत होती, अशा खोलीत की जिचं दार ओतिलियाच्या बाजूनं कधीच उघडणार नव्हतं.

सुरी पावात शिरली. साल बरोबर मध्ये आली.

काही बोलावं तर काय बोलावं? काकांच्या आणि चोनाकाकूच्या देखत मावशीला खोटं पाडायचं? आणि या माणसानं तोंड वर करून, हो, मला कोंपाद्रेच व्हायचंय, असं म्हटलं तर? उद्या गल्लीतल्या प्रत्येक दारात ते पोचणार. चोनाकाकू इथेच बसली होती.

एवारिस्तोनं मोठा घास घेतला. दोन-तीनदा चावला आणि जबडा थांबला. डोळ्यांत लखकन उजेड पडला. लॉटरी लागल्यासारखा त्यानं ओतिलियाकडे पाहिलं आणि दोन बोटं तोंडाकडे नेली.

"एवारिस्तो," ती म्हणाली. त्याला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ. आवाज तिचा तिलाच परका वाटला, इतका शांत होता. "ज्याला बाहुली मिळते तो या बाळाचा धर्मपिता होतो. बाळ माझा आहे. म्हणजे तो माझा कोंपाद्रे होतो. आणि कोंपाद्रेशी लग्न करता येत नाही. कधीच नाही. हे तुला माहीत आहे का?"

कौलांवरून एक थेंब पडला, मग दुसरा.

त्याची बोटं ओठांपाशीच राहिली. चेहऱ्यावरचा उजेड विझला, आणि मग त्या जागी हळूहळू दुसरंच काही आलं. तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता मान खाली घालेल. त्यानं घातली नाही. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली... थोडी थांबली... आणि खाली आली. डोळ्यांत पाणी तरळलं. त्यानं चॉकलेटचा पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

"कसली बाहुली?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तोंड उघड," मावशी म्हणाली.

त्यानं उघडलं. मावशीनं वाकून पाहिलं. चोनाकाकूनंही वाकून पाहिलं.

"दाढ किडलीये एक," चोनाकाकू म्हणाली. "बाकी काही नाही."

मावशीनं सुरी घेतली आणि उरलेला रोस्का सपासप कापला. एकेक तुकडा कुस्करला. लाल पट्ट्या, अंजिरं, पावाचा चुरा. बाहुली नव्हती. क्रिस्पिनकाकांचा चेहरा पिठासारखा झाला.

"असं कसं? मी माझ्या हातानं घातली होती. हिरव्या सालीखा—" आणि ते थांबले.

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मग ताटाकडे, मग परत मावशीकडे.

"गिळली तरी बाहुली ती बाहुलीच," मावशी म्हणाली, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

"पोटातली कोणी पाहिलीये, एर्मेलिंदा?" चोनाकाकू म्हणाली. "मी आपली गालात धरून बसले होते, बोलता येईना, दोन दिवस गाल सुजला. गिळायचं सुचलंच नाही मला. पोरगा हुशार आहे."

"मावशी," ओतिलिया म्हणाली, "का?"

मावशी खुर्चीत मागे टेकली.

"नवरा जातो," ती म्हणाली. "कोंपाद्रे कधी जात नाही. मी एवढं आयुष्य काढलं या गल्लीत, एकही कोंपाद्रे गेलेला पाहिला नाही. मी त्याला हाकलत नव्हते, पोरी. तो राहावा म्हणून बघत होते. तुझ्यासाठीच."

एवारिस्तो उठला. "मी जाणार नाही, मावशी."

"सगळे तेच म्हणतात." असं काही मावशी म्हणाली नाही. ती फक्त खुंटीवरच्या छत्रीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कांदेलारियापर्यंत या दारात दिसू नकोस. गल्लीत तिच्याशी बोलायचं नाही."

"आणि कांदेलारियाला?"

"तेव्हा बघू, तू आहेस की गेलास."

"आणि बाळाचं काय?" चोनाकाकूनं विचारलं. "धर्मपित्याशिवाय चर्चमध्ये कसा न्यायचा? आणि तामाल कोण करणार?"

"मावशी करेल," ओतिलिया म्हणाली. "बाहुली तिनं ठेवायला सांगितली होती. बाळाची धर्ममाताही तीच होऊ दे."

त्यानंतर ओतिलियाच्या दिवसांना एकच खूण उरली, बेकरीच्या भिंतीला टेकलेली शिडी. दूध आणायला जाताना ती शिडी बघे, परत येताना बघे. त्यानं मावशीचा शब्द पाळला होता. ती जवळून गेली तर तो फक्त कुंचला जरा उंच धरी आणि पुन्हा भिंतीकडे वळे. पाटीतली अक्षरं अशी सावकाश वाढत होती की काका कुरकुरू लागले. एका अक्षराला त्यानं सोनेरी सावली दिली, मग ती खरवडून पुन्हा दिली.

घरात दोघी बोलत होत्या, पण कामापुरतं. सुई दे. दोरा संपला. पांढरं कापड भिजवू नकोस.

मग जानेवारीच्या शेवटी एका सकाळी शिडी नव्हती.

पाटी पूर्ण झाली होती. क्रिस्पिनकाका दारात उभे राहून तिच्याकडे न बघता म्हणाले, "पहाटेच्या बसनं गेला गं. कुठे, कशाला, काही सांगितलं नाही. शिडी मागे ठेवलीये, म्हणाला असू द्या."

ती घरी आली. मावशीनं तिचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. ओतिलियाला वाटलं होतं, मावशी आता म्हणेल, बघ, सांगितलं नव्हतं? मावशी म्हणाली नाही. तिनं हातातली कानस खाली ठेवली. आणि मग हळूच, स्वतःशीच, "यानं निदान शिडी ठेवली," असं काहीसं पुटपुटली आणि उठून केळीची पानं शेकायला लागली.

दोन फेब्रुवारीला मावशीनं बाळाला नवं झबलं घातलं. सकाळी चर्चमध्ये ती त्याला मांडीवर घेऊन बसली. सगळे बाळ शांत डोळ्यांनी बघत होते, त्यांचा एकटा थक्क. ओतिलिया मेणबत्ती धरून उभी होती आणि मेण बोटांवर ओघळत होतं ते तिला कळत नव्हतं. तिनं दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तिनं दाराकडे पाहिलं.

संध्याकाळी तामालांची वाफ घरभर झाली. काका आले, चोनाकाकू आली. बाहेर चिपीचिपी लागली होती. पानं सोडून कोणी पहिला घास घेणार, तेवढ्यात दारावर थाप पडली.

आणि बाहेर कोणीतरी गाऊ लागलं.

चाल पोसादाची होती. फेब्रुवारीत पोसादा कोणी गात नाही. शब्द गाणाऱ्यानं स्वतःचेच जुळवले होते आणि चालीत नीट बसत नव्हते. लांबून आलोय, असे काहीसे होते ते, आई थकली आहे, दार उघडा.

ओतिलिया कधी उठली, कधी दाराशी पोचली, तिला कळलं नाही. हात अडसरावर होता. त्या हातावर मावशीचा थरथरता हात येऊन पडला.

"थांब," मावशी म्हणाली. आणि दाराकडे तोंड करून तिनं नकाराचं कडवं म्हटलं. आवाज जुना, चिरका, पण सूर पक्का.

बाहेरून पुन्हा विनवणी आली. शिडी ठेवून गेलो होतो, आईला आणायला गेलो होतो, हिचे गुडघे दुखतात.

मावशीनं पुन्हा नाही म्हटलं.

ओतिलियाला समजेना. हे गाणं होतं की खरंच नाही होतं? मावशीचा चेहरा भिंतीसारखा. हात मात्र हलत नव्हता, घट्ट बसला होता.

बाहेर शांत झालं. त्या शांततेत पाय घसरल्याचा आवाज आला, आणि मग एका म्हातारीची शिवी ऐकू आली. साधीसुधी नाही. आल्वारादोची, मिठात मुरलेली, जिच्यात पाऊस, ही पायरी, हे डोंगरातलं गाव आणि आतली बहिरी बाई सगळे एका दमात आले होते.

चोनाकाकूनं तोंडावर हात ठेवला. काका छताकडे बघू लागले. आणि मावशी हसली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ओतिलियानं तिला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

"अडसर काढ," मावशी म्हणाली.

"अजून एक कडवं बाकी आहे, मावशी."

"मागे तूही एक कडवं आधीच काढला होतास."

आणि तिनं खुंटीवरची छत्री उतरवली.

दार उघडलं. एवारिस्तो पायरीवर उभा होता, आईला धरून. म्हातारी बुटकी, शाल भिजलेली, रागानं लाल झालेली. मावशी पुढे झाली आणि तिच्या डोक्यावर छत्री उघडली. कापडाला कसर लागली होती, भोकांतून थेंब तसेच खाली येत होते. मावशीनं ती तरी नीट धरून ठेवली, म्हातारी उंबरा ओलांडेपर्यंत.

"तामाल आहेत ना?" म्हातारी म्हणाली. "याला विचारायचंय ते विचारू दे, पण मी आधी बसते."

एवारिस्तो बाहेरच उभा होता. "मी येऊ?"

"विनवायचं असतं," ओतिलिया म्हणाली.

"कोणाला?"

तिनं हात पुढे केला. त्या हातावर मेणाचे थेंब अजून चिकटलेले होते.

ईस्टरनंतर त्यांचं लग्न झालं. म्हातारी आल्वारादोला परत गेली, डोंगरातल्या हवेला शिव्या देत, पण दरवर्षी राजांच्या सणाला येत राहिली, आणि चोनाकाकूनं तिच्याकडून शिकलेल्या शिव्या पुढे गल्लीत बऱ्याच वापरल्या. क्रिस्पिनकाकांची बेकरी नातवानं चालवली. पाटीवरची ती सोनेरी सावली आता जवळ गेलं तरच दिसते. एर्मेलिंदामावशी एकाहत्तर साली गेली. बाळाची धर्ममाता झाल्यामुळे ती ओतिलियाला त्या दिवसापासून पोरी म्हणायची सोडून कोमाद्रे म्हणू लागली होती, आधी टोमणा म्हणून आणि नंतर सवयीनं. छत्री ओतिलियानं तिच्याबरोबर दिली.

एवारिस्तो पस्तीस वर्षं त्या घरात राहिला आणि गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यानं रंगवल्या. शिडी अंगणात होती. बाहुलीचं पुढे काय झालं असं पोरांनी विचारलं की तो पोटावर थोपटे आणि म्हणे, ती अजून इथेच आहे, बाहेर आली तर तुमची आई माझी कोमाद्रे होईल. त्र्याण्णवच्या जानेवारीत, चिपीचिपी लागलेली असताना तो गेला. थक्क डोळ्याचा बाळ त्याच्या उशाशी होता.

शवपेटी बंद करण्यापूर्वी पाद्रींनी हलक्या आवाजात विचारलं, त्याच्याजवळ काही ठेवायचंय का, जपमाळ, एखादी मूर्ती?

"नको," ओतिलिया म्हणाली. "त्याच्याकडे आहे."